साठ ग्लासांची बिदागी: एका हौशी बँडचा पबमधला हिशेब

हे प्रकरण पाच जणांच्या एका हौशी बँडचं आणि त्यांना दोन वर्षं नेमाने बोलावणाऱ्या एका पबचं आहे. नावं आणि ठिकाण काढून टाकलं आहे. चलनही काढलं आहे. त्याऐवजी सगळे पैसे एकाच मापात दिले आहेत: त्या पबमध्ये बीअरच्या एका ग्लासला गिऱ्हाईक जेवढे पैसे मोजतं, तो 'एक ग्लास'. हे माप केवळ ओळख लपवण्यासाठी नाही. बँडची बिदागी शेवटी ग्लासांच्या विक्रीतूनच निघते, आणि हिशेब त्याच मापात मांडला की गाडं कुठे अडतं ते चटकन दिसतं.

पार्श्वभूमी

बँडमध्ये गायिका, लीड गिटार, दुसरा गिटारिस्ट (हाच गरजेला कीबोर्ड वाजवतो), बेस आणि ड्रम. पाचही जणांची पोटापाण्याची नोकरी वेगळी. गाणी दुसऱ्यांची, लोकांना तोंडपाठ असलेली. साधारण ४५ गाणी कधीही वाजवता येतील इतकी पक्की. आठवड्यातून एकदा भाड्याच्या खोलीत तीन तासांची तालीम. महिन्यात दोन गिग (म्हणजे बिदागी घेऊन केलेले कार्यक्रम), दोन्ही याच पबमध्ये, दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. वर्षाचे २४.

पबला एका वेळी १२० माणसं आत घेण्याची परवानगी. बार एकच, स्टेज नाही. एका कोपऱ्यातली टेबलं हलवून जागा करायची. बिदागी ६० ग्लास, रोख, त्याच रात्री. दोन वर्षांत हा आकडा हलला नव्हता. त्याआधी तिथे वाजवणाऱ्या बँडलाही तेवढेच मिळत होते.

गिगचा दिवस संध्याकाळी ५ वाजता सुरू होई. ड्रम, दोन अँप (वाद्याचा आवाज मोठा करणारे खोके), दोन स्पीकर, मिक्सर (सगळे आवाज एकत्र करून कमी-जास्त करणारं यंत्र), सहा माईक, स्टँड आणि केबलच्या पेट्या दोन गाड्यांत भरायच्या. साडेसहाला पबमध्ये सामान उतरवायचं. आठच्या आत साउंड चेक संपवावाच लागे, कारण त्यानंतर जेवायला आलेल्या लोकांच्या डोक्यात 'चेक, चेक, वन, टू' घालणं मालकाला चालत नसे. मग तासभर नुसतं बसून राहायचं. ९ ते साडेअकरा कार्यक्रम, त्यात प्रत्यक्ष वाजवणं दोन तास. आवराआवर, लादणं, घरी पोचायला दीड. म्हणजे माणशी साडेआठ तास, आणि त्यातले लोकांनी ऐकलेले दोन.

अडचण

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ड्रमरने एक साधी वही घातली. एका गिगमागचा सरासरी खर्च असा निघाला:

इंधन आणि पार्किंग: ९ ग्लास
तालमीची खोली, गिगमागे दोन तालमी: १२
साउंड सांभाळणाऱ्या ओळखीच्या माणसाला: १०
तारा, काठ्या, बॅटऱ्या: ३
सामानाची झीज आणि दुरुस्ती: ८

एकूण ४२. साठातून बेचाळीस गेले, उरले १८. पाच जणांत माणशी साडेतीन ग्लासांच्या आसपास. तासांचा हिशेब याहून बोचरा होता. गिगचे साडेबेचाळीस मनुष्यतास, दोन तालमींचे तीस, मिळून साडेबहात्तर. १८ ग्लासांना ७२.५ ने भागलं तर तासाला पाव ग्लास. त्याच रात्री बारमागे उभ्या असलेल्या माणसाला तासाला सुमारे दोन ग्लास मिळत होते.

झिजेची ओळ बहुतेक हौशी बँड लिहितच नाहीत. माईक पडतो, केबलचा सांधा तुटतो, स्पीकरचा आतला पडदा फाटतो. पण हे सगळं एकाच रात्री होत नाही, म्हणून ते खर्चासारखं वाटत नाही. मग एके दिवशी मिक्सर बंद पडतो आणि पाच जण खिशात हात घालतात. वरच्या ८ ग्लासांत नवल काहीच नाही: सामानाची एकूण किंमत भागिले ते किती गिग टिकेल, एवढंच.

बँडचा समज असा होता: आपण वाजवतो तेव्हा पब भरलेला असतो, मालक गल्ला भरतो आणि आपल्याला चिल्लर देतो. पब भरलेला असे हे खरंच होतं. तो आपल्यामुळे भरतो का, हे कोणी तपासलं नव्हतं.

पहिला निर्णय: मालकाकडे काय घेऊन जायचं

बेसिस्टचं म्हणणं सरळ होतं: १०० ग्लास द्या, नाहीतर आम्ही येत नाही. गायिकेचं म्हणणं, आधी गल्ला विचारू. तीन विरुद्ध दोन मतांनी विचारायचं ठरलं. पुढे जे काही सुधारलं ते या निर्णयामुळे, कारण मालकाने बँडच्या सहा शनिवारांची आणि बिनबँडच्या सहा शनिवारांची विक्री काढून समोर ठेवली. सगळेच मालक असं करणार नाहीत. याने केलं, कारण प्रश्न तक्रारीच्या सुरात आला नाही आणि त्यालाही या उत्तराची उत्सुकता होती.

बिनबँडच्या शनिवारी सरासरी ७० माणसं, माणशी ३ ग्लास: २१० ग्लास विक्री. बँडच्या शनिवारी ८२ माणसं, माणशी ३.३: सुमारे २७० ग्लास. म्हणजे बँडमुळे वाढलेली विक्री ६० ग्लास.

बँडला वाटलं, बरोबर साठ वाढले आणि साठच मिळाले. पण विक्री म्हणजे नफा नव्हे. मालाची किंमत आणि कर जाऊन या पबला एका ग्लासमागे साधारण अर्धा ग्लास उरत होता. म्हणजे वाढीव ६० मधून ३० उरले. त्यातून ६० बँडला गेले आणि गर्दीसाठी जादा लावलेल्या एका माणसाचे चार तासांचे ८ ग्लास. मालक बँडच्या प्रत्येक शनिवारी ३८ ग्लास पदरचे घालत होता.

हा हिशेब अगदी काटेकोर नाही. बिनबँडचे शनिवार पहिला आणि तिसरा होते, आणि पहिल्या शनिवारी लोकांच्या खिशात ताजा पगार असतो, त्यामुळे तुलना बँडवर थोडा अन्याय करते. शिवाय बँड नसता तर काही नेहमीची गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळली असती. ते नुकसान सहा शनिवारांच्या आकड्यांत दिसणार नाही. मालक तोटा सोसून बँड ठेवत होता तो याच भीतीने. तरी ३८ चा खड्डा इतक्या दुरुस्त्यांनी बुजत नाही.

आता १०० ग्लासांच्या मागणीकडे पाहू. ६० बिदागी आणि ८ जादा माणसाचे, असे ६८ भरून काढायला वाढीव विक्री १३६ ग्लास हवी. माणशी ३.३ च्या दराने त्यासाठी १०५ माणसं लागतात. १२० च्या जागेत १०५ म्हणजे गच्च भरलेली रात्र, आणि तेव्हा कुठे मालकाचं ना नफा ना तोटा. बिदागी १०० केली तर १२९ माणसं लागतात. तेवढी आत घ्यायची परवानगीच नाही. मालक कितीही दिलदार असला तरी त्या चार भिंतींत १०० ग्लासांची बिदागी त्या रात्रीच्या विक्रीतून निघत नव्हती.

दर वर का सरकत नाही

वरच्या मर्यादेची ही झाली एक बाजू. दुसरी बाजू म्हणजे वाजवायला तयार असलेल्यांची रांग. या बँडने नकार दिला असता तर त्याच ६० ग्लासांना दुसरा बँड मिळाला असता, आणि पुढे तो मिळालाही. वाजवायला मिळणं हाच हौशी वादकाच्या मजुरीचा एक भाग असतो. तो भाग तो आनंदाने स्वतःच्याच खिशातून भरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण जिथे माणसं फुकटाच्या जवळपास काम करायला तयार असतात तिथे दर फुकटाच्या जवळपासच राहतो. त्यात मालकाला पर्यायही स्वस्त: रेकॉर्ड केलेल्या साथीचा ट्रॅक लावून गाणारा एकटा गायक ३० ग्लासांत येतो, प्रश्नमंजूषेची रात्र त्याहून कमी पैशांत होते.

तिसरं कारण अर्थशास्त्रातलं. १९६६ मध्ये विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं, की बाकीच्या धंद्यांत यंत्रांमुळे एका तासातलं उत्पादन वाढत जातं, पण चार वादकांची रचना वाजवायला शंभर वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. पबच्या कोपऱ्यातल्या पाच जणांनाही हेच लागू आहे. ते दोन तासांत दोन तासांचंच वाजवू शकतात. पबवाला मात्र पाच जणांऐवजी एक जण आणि एक लॅपटॉप आणू शकतो.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. अनेक देशांत संगीत वाजवल्याबद्दल पब परवाना शुल्क भरतो, म्हणून त्यातलं काही आपल्याला मिळेल असं काही वादकांना वाटतं. ते शुल्क गाणं रचणाऱ्यांकडे जातं. दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. स्वतःची गाणी असतील आणि ती संबंधित संस्थेकडे नोंदवलेली असतील, तरच.

तपासलेले पर्याय

दारावर तिकीट. एक ग्लास तिकीट लावलं तर ८२ माणसांचे ८२ ग्लास, हा कागदावरचा मोह. पण त्यातली ७० माणसं तशीही येणारी. स्वतःच्या नेहमीच्या अड्ड्यावर शिरायला पैसे मागितले तर ती पुढच्या पबात जातील. ओळखीच्या चेहऱ्यांना फुकट सोडायचं तर दारात उभं कोण राहणार आणि ओळख कशी ठरवणार? पर्याय बाद.

गल्ल्यात वाटा. ४० ग्लास पक्के, आणि २१० च्या वरच्या विक्रीचे २५ टक्के. २७० च्या विक्रीला हे ५५ ग्लास होतात, म्हणजे चालू बिदागीपेक्षा पाचने कमी. ६० गाठायला विक्री २९० व्हायला हवी. बँडने नको म्हटलं. या नकाराकडे पुन्हा यावं लागेल.

कमी गर्दीचा वार. गुरुवारी पबमध्ये २५ माणसं असतात, तेव्हा बँडमुळे होणारी वाढ मालकाला जास्त मोलाची वाटेल, हा तर्क चांगला होता. एक गुरुवार वाजवून पाहिलं. ४१ माणसं आली, साडेदहाला निम्मी उठली, आणि दुसऱ्या दिवशी पाचही वादकांना कामावर जायचं होतं. नोकरी करणाऱ्या बँडसाठी आठवड्यातले कामाचे वार शनिवारपेक्षा महाग पडतात, हे वहीत लिहायचं राहून गेलेलं कलम तेव्हा कळलं.

खर्च कमी करणं. गाणी पक्की असताना दर आठवड्याला भाड्याची खोली कशाला? गिगमागे एक तालीम पुरेशी होती. नव्या गाण्याचा आपापला भाग प्रत्येकाने घरी बसवून यायचा. साउंडच्या माणसाऐवजी पबच्या खोलीची सेटिंग डिजिटल मिक्सरमध्ये साठवून ठेवता येत होती, आणि मिक्सर आधीच होता. खर्च ४२ वरून २६ वर येणार, उरणार ३४.

लहान संच. तीन जण, लहान पब, ४० ग्लास. याचा हिशेब पुढे.

खासगी समारंभ. लग्नाच्या मेजवान्या, कंपन्यांच्या पार्ट्या. तिथे बिदागी पबच्या चार-पाचपट असते आणि याला कारण आहे. यजमान ग्लास विकून पैसे काढणार नसतो. त्याने त्या एका रात्रीसाठी रक्कम बाजूला काढलेली असते आणि बँड फसला तर रात्र परत मिळणार नसते. म्हणून तो वादनाइतकेच वेळेवर येण्याचे, नीट कपड्यांचे, लेखी कराराचे आणि विम्याचेही पैसे मोजतो.

केलेली कामं

आधी पबमधलं. मालकाशी बोलताना एक गोष्ट सहज बाहेर आली: बँड वाजत असताना विक्री मंदावते आणि मध्यंतरात उसळते. कारण बारपाशी ऑर्डर ऐकूच येत नसे. दोन्ही स्पीकर कमरेच्या उंचीवर होते आणि एक थेट बारकडे वळलेला. बारपाशी आवाजाची पातळी ९७ डेसिबल भरली. अमेरिकेतल्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आठ तासांना ८५ डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला सुरक्षित वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ९७ ला अर्धा तास. बारमागची माणसं रात्रभर तिथे उभी.

स्पीकर डोक्यावरून जातील इतके उंच स्टँडवर चढवले, तोंडं नाचायच्या जागेकडे आणि किंचित खाली झुकवली. गिटारचे अँप मागे कलते ठेवले, म्हणजे आवाज वादकाच्या पोटऱ्यांवर न आदळता कानाशी येतो आणि तो स्वतःहून बटण मागे फिरवतो. लीड गिटारिस्ट ५० वॉटऐवजी १५ वॉटचा अँप घेणार होता. पण त्याने पूर्ण आवाजाला फरक पडतो तो जेमतेम ५ डेसिबलचा, म्हणून खरेदी टाळून अँपच वळवला. ड्रमरने जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या घेतल्या. हे शेवटचं सगळ्यात कठीण गेलं, कारण खोलीतला खरा किमान आवाज ड्रम ठरवतो. बाकी सगळे त्याच्यावर चढतात. बारपाशी पातळी ९१ वर आली.

एक तासाच्या दोन सेटऐवजी ४० मिनिटांचे तीन केले, मधे पंधरा-पंधरा मिनिटं. अर्ध्या तासाच्या एका मध्यंतरात लोक कोट चढवून निघून जात. पंधरा मिनिटांत ते ग्लास भरून परत येतात. सेटचं शेवटून दुसरं गाणं मुद्दाम संथ ठेवलं, कारण नाचणारे तेव्हा बारकडे वळतात, आणि शेवटचं गाणं पुन्हा जोरकस.

मग तारखा. वहीत आणखी एक नोंद सापडली: पहिल्या वर्षी बँडच्या ओळखीची वीसेक माणसं दर गिगला येत, दुसऱ्या वर्षी सहा-सात. मित्रमंडळी दर पंधरवड्याला तीच गाणी ऐकायला येत नाहीत, आणि त्यांनी तरी का यावं? २४ तारखांऐवजी वर्षाला ८ घ्यायच्या ठरल्या. मालकाने उरलेल्या तारखा दुसऱ्या बँडला दिल्या. बदल्यात या बँडला आठही तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच लेखी मिळाल्या, आणि दोन आठवड्यांच्या आत रद्द केल्यास निम्मी बिदागी. आधी दोनदा आदल्या दिवशी रद्द झालं होतं, एकदा मोठ्या सामन्यासाठी, आणि एक पैसा मिळाला नव्हता.

तीन जणांचा संच असा: गायिका, लीड गिटारिस्ट अकूस्टिक गिटारवर आणि ड्रमर कहोनवर (वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी). कहोनला एकच माईक, मागच्या भोकापाशी. भोकाच्या आत फार घुसवला तर नुसती घूं-घूं येते आणि चापट हरवते. एक कॉलम स्पीकर (खांबासारखा उभा, सडपातळ), लहान मिक्सर, सगळं एका गाडीत. मांडायला ३५ मिनिटं. खर्च ८ ग्लास: इंधन ४, झीज ३, तारा १. तालीम कोणाच्या तरी घरी, खोलीचं भाडं नाही. ४० मधून उरतात ३२. गिगचे माणशी साडेसहा तास आणि दोन तासांची एक तालीम, असे एकूण साडेपंचवीस मनुष्यतास; तासाला सव्वा ग्लास. पाच जणांच्या जुन्या हिशेबाच्या पाचपट, कमी बिदागीत.

समारंभांसाठी आधी व्हिडिओ लागतो. पहिला प्रयत्न पबमध्ये, फोनवर. फोनच्या माईकला एवढा आवाज झेपत नाही. ड्रम फुटतो, गाणं चिरकतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं की बँडच वाईट आहे. तो फेकून दिला. दुसऱ्यांदा मिक्सरमधून प्रत्येक माईक वेगळा रेकॉर्ड केला, दोन कॅमेरे लावले आणि सहा गाण्यांतले तुकडे जोडून अडीच मिनिटांचा केला. यात पाच महिने गेले.

करारात पुढच्या गोष्टी घातल्या: ३० टक्के आगाऊ, बाकी समारंभाच्या आठवडाभर आधी, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, उशिराचा तासाचा दर, स्वतंत्र वीजजोडणी, सामान उतरवायला दारापर्यंत गाडी, आवाजाची मर्यादा असेल तर तो आकडा. शेवटचं कलम महत्त्वाचं, कारण काही सभागृहांत आवाज ठरावीक पातळीवर गेला की वीज तोडणारं यंत्र बसवलेलं असतं, आणि नुसता ड्रमच ती पातळी ओलांडू शकतो. वीजजोडणीचं कलम पहिल्या समारंभानंतर आलं: मोकळ्या जागेवर बँड आणि अन्न गरम ठेवणारे हीटर एकाच लाइनवर होते, आणि पहिल्या सेटमध्ये तीनदा अंधार झाला. दोष बँडच्या सामानाचा नव्हता. दोन स्पीकर, मिक्सर आणि एलईडी दिवे मिळून एक हीटर खातो त्यापेक्षा कमीच वीज घेतात.

एका समारंभाची बिदागी २८० ग्लास. एजंटचे १५ टक्के म्हणजे ४२, साउंडचा माणूस ३०, चार तालमी २४, वाहतूक १५, भाड्याचे दिवे १२, झीज १२, किरकोळ ५. उरतात बरोबर निम्मे, १४०. मात्र दहा तासांचा दिवस आणि चार तालमी धरल्या तर ११० मनुष्यतास लागतात, म्हणजे तासाला पुन्हा सव्वा ग्लासच. २८० हा आकडा ऐकून डोळे विस्फारणाऱ्यांनी हा भागाकार करून पाहावा.

निकाल

आधीच्या वर्षी २४ गिगमधून १८ प्रमाणे ४३२ ग्लास उरले होते. नव्या वर्षी:

पूर्ण बँड, पब: ८ × ३४ = २७२
तीन जणांचा संच: १४ × ३२ = ४४८
समारंभ: ३ × १४० = ४२०

एकूण ११४०. त्यातून कॉलम स्पीकर ९०, व्हिडिओ ७०, विमा आणि उपकरणांची विद्युत तपासणी २०, जाऊन ९६०. दुपटीहून जास्त. तरीही या पैशावर कोणी नोकरी सोडेल अशी रक्कम ही नाही.

पबची बाजूही सुधारली. तारखा विरळ झाल्यावर माणसं ८८ झाली, आणि बारपाशी बोलणं ऐकू येऊ लागल्यावर माणशी ३.६ ग्लास. विक्री ३१७, वाढ १०७, त्यातून उरलेले ५३. मालकाचा खड्डा ३८ वरून १५ वर आला. बिदागी त्याने ६० च ठेवली आणि खड्डा अजून आहे तोवर त्याला नाव ठेवता येणार नाही.

समारंभ सहा ठरवले होते, मिळाले तीन. लोक अशा रात्रीसाठी सहा ते दहा महिने आधी बँड ठरवतात. व्हिडिओ तयार झाला तोवर त्या वर्षाच्या तारखा दुसऱ्यांच्या झाल्या होत्या.

आणि दुसरा गिटारिस्ट बँड सोडून गेला. कारण बेरजेत दिसत नाही, वाटणीत दिसतं. तीन जणांच्या संचाचे पैसे त्या तिघांतच वाटले जात; त्यांना वर्षाचे माणशी सुमारे २५० ग्लास मिळाले. बेसिस्ट आणि दुसरा गिटारिस्ट यांना सुमारे १०२. आधी प्रत्येकाला ८६ मिळत होते. बँडचं उत्पन्न दुप्पट झालं आणि या दोघांच्या वाट्याला आले जास्तीचे सोळा, शिवाय पबमध्ये वाजवायच्या रात्री २४ च्या ८ झाल्या. वाजवायला मिळणं हीच ज्याची मुख्य मजुरी, त्याची मजुरी कापली गेली होती.

वेगळं काय करता आलं असतं

कॉलम स्पीकरचे ९० ग्लास सामाईक खात्यातून गेले, वापरला मात्र तिघांनीच. बाकीच्या दोघांनी त्यात माणशी १८ घातले. रक्कम लहान आहे, पण भांडण तिच्यावरूनच झालं. लहान संच काढण्याआधी तीन गोष्टी लिहून ठेवायला हव्या होत्या: त्यासाठीचं सामान कोण विकत घेणार, त्याच्या उत्पन्नातला काही भाग सामाईक खात्यात येणार का, आणि तिघांत आलटून-पालटून कोण बसणार. बेसिस्ट अकूस्टिक बेस वाजवू शकत होता. १४ पैकी पाच-सहा रात्री त्याला देता आल्या असत्या. दुसरा गिटारिस्ट लीडच्या जागी चालला असता. हे कोणाला सुचलं नाही असं नाही, पण तिघांचा संच नुकता बसू लागला होता आणि कोणाला तो विस्कटायचा नव्हता.

गल्ल्यातल्या वाट्याचा पर्याय बँडने २७० च्या विक्रीवर तपासला आणि सोडला. बदलानंतर विक्री ३१७ झाली, आणि त्या सूत्राने बिदागी सुमारे ६७ झाली असती. अर्थात मालकाचा खड्डा तेवढाच खोल झाला असता आणि दुसऱ्या वर्षी त्याने सूत्र मोडलं असतं, हेही तितकंच खरं. यातून धोरण निघतं ते एवढंच, की वाटा ठरवायची बोलणी आवाज आणि सेट सुधारून झाल्यावर करावीत. २१० हा पाया मात्र आजच लेखी घ्यावा, म्हणजे पुढे 'नेहमीचा शनिवार' किती ग्लासांचा यावर वाद होणार नाही.

व्हिडिओ पहिल्या महिन्यात व्हायला हवा होता. एकाच पबमध्ये महिन्याला दोनदा वाजवणंही दीड वर्ष आधी थांबवता आलं असतं. वही तेव्हा असती तर ओळखीची माणसं घटताना दिसली असती.

आता प्रश्न रिकाम्या जागेचा आहे. चौघांतच पबच्या आठ रात्री वाजवल्या तर ३४ चे माणशी ६.८ ऐवजी साडेआठ होतात आणि एक अँप कमी लादावा लागतो. पण समारंभाच्या यादीतल्या बारा-तेरा गाण्यांना कीबोर्ड लागतो, आणि तिथे एका रात्रीपुरता वादक बोलावला तर तो ३० ग्लास पक्के आणि एक तालीम मागतो. १४० मधून ३० गेले की उरलेले ११० चौघांत माणशी साडेसत्तावीस. पाच जण असताना २८ मिळत होते. बँडने पुढच्या वर्षापुरता भाड्याचा कीबोर्डवाला घ्यायचं ठरवलं आहे. करारात त्याचं नाव नाही, पण तो न आल्यास कोणती तेरा गाणी बदलायची त्याची यादी मिक्सरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.